गावाला खुनी आधीच माहीत असतो

३ डिसेंबर २०२०. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, फुंदेवाडीत एक शेतकरी मारला गेला. ५ तारखेला अंजनडोहला एक बाई. ७ तारखेला चिखलठाणला ऊसतोड मजुराची लहान मुलगी. पाच दिवस, तीन गावं, तीन जीव.

मारेकरी बिबट्या होता. तरीही तालुक्यापुढे उभे राहिलेले प्रश्न एखाद्या खूनसत्रात पडावेत तसेच होते. हा एकच आहे की जोडी आहे? नोव्हेंबरच्या अखेरीस बीड जिल्ह्यात आष्टीकडे माणसं मारली गेली, ती यानेच का? आज तो कुठल्या शिवारात आहे, आणि उद्या कुठे असेल?

करमाळ्याचं रान या प्रश्नांची उत्तरं सहज देत नाही. भीमेवर उजनी धरण झालं आणि त्याचं फुगवट्याचं पाणी तालुक्याच्या कडेला येऊन थांबलं, तसा ज्वारीच्या आणि कुसळाच्या माळाशेजारी ऊस आणि केळीचा हिरवा पट्टा तयार झाला. उभ्या उसात पाच-सहा हातांपलीकडचं काही दिसत नाही. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते आणि रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला बॅटरी घेऊन अंधारातच दारं धरायला जावं लागतं. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचा भर. बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या फडाच्या आसपासच पडलेल्या असतात, आणि कोपीला दार नसतं.

वनखात्याने पिंजरे लावले, कॅमेरे लावले, पथकं आणली. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, त्याला कुणी उठून गोळी घालू शकत नाही. १९७२च्या या कायद्याच्या कलम ११नुसार त्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो. जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं आहे, आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, याची त्यांची खात्री पटावी लागते. तसा आदेश निघाला. १८ डिसेंबरला वांगी परिसरातल्या केळीच्या बागेत अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटील यांनी त्या बिबट्याला गोळी घातली.

या पंधरा दिवसांत आणखी एक माणूस कामाला लागलेला होता, ज्याचा उल्लेख कुठल्याच अहवालात नसतो. तो म्हणजे तालुक्याचा वार्ताहर.

इंग्रजी रहस्यकथेत या माणसावर, किंबहुना या बाईवर, एक सबंध उपप्रकार उभा आहे. शहरात नोकरी करणारी बातमीदार, तिच्या जन्मगावी खून होतात, संपादक म्हणतो, गाव तुझंच आहे, तूच जा. गिलियन फ्लिन यांची २००६ सालची ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ ही कादंबरी या जातीतली सगळ्यात गाजलेली. कमील प्रीकर ही बातमीदार मिसूरी राज्यातल्या विंड गॅप नावाच्या काल्पनिक गावी परत जाते. एका मुलीचा खून झालेला आहे, दुसरी बेपत्ता आहे. लेखिका स्वतः मिसूरीतल्याच कॅन्सस सिटीच्या आणि तेव्हा पेशाने पत्रकार. २०१८ साली एचबीओने त्यावर मालिका केली, तीत एमी अ‍ॅडम्सने ही भूमिका केली.

कथेची खरी गंमत खुनी शोधण्यात नाही. पोलिसाला जे दार उघडलं जात नाही ते या बाईला उघडलं जातं, कारण ती कुणाची तरी मुलगी आहे, कुणाची तरी शाळेतली मैत्रीण आहे. आणि नेमक्या याच कारणामुळे काही दारं तिला दिसतच नाहीत. ज्या घरात माणूस लहानाचा मोठा झाला त्या घराकडे संशयाने बघायला मन तयार होत नाही. विंड गॅपमध्ये शेवटी काय निघतं ते सांगून वाचकाचा रसभंग करायला नको. मात्र गावाने ज्यांच्यावर बोट ठेवलेलं असतं, त्या बोटाचा भरवसा धरता येत नाही, एवढं पहिल्या काही प्रकरणांतच कळतं.

महाराष्ट्राला असं गाव कादंबरीत शोधावं लागत नाही. परभणी जिल्ह्यातलं मानवत आहे.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४. दुष्काळाचे दिवस. या जेमतेम चौदा महिन्यांत मानवतमध्ये दहा खून झाले. बळी बहुतेक बाया आणि लहान मुली. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ साली उपनगरांत झोपलेल्या गोरगरिबांना रात्री ठेचून मारणाऱ्या रामन राघवचा छडा त्यांच्याच हाताखाली लागलेला होता. मानवतमध्ये पुढे आलेली कहाणी अशी होती: गावातल्या एका वजनदार माणसाच्या वाड्यात पिंपळ, पिंपळाखाली गुप्तधन, धनावर मुंजाचा पहारा. मुंजा तृप्त झाला तर धनही मिळेल आणि मूलही होईल, असं सांगणारा मांत्रिक भेटला आणि कुमारिकांच्या रक्ताची मागणी सुरू झाली. सरकार पक्षाने न्यायालयात हाच हेतू मांडला.

पिंपळ, मुंजा, गुप्तधन हे शब्द मानवतच्या माणसाला नवे नव्हते. मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ते लहानपणापासून कानावर पडतात. म्हणून तिथे बाहेरच्या आणि गावातल्या माणसाची नजर उलटसुलट चालते. बाहेरच्याला मुंजाची गोष्ट इतकी चमत्कारिक वाटते की तो ती हसण्यावारी नेतो. गावातल्याला ती इतकी ओळखीची वाटते की तिच्यासाठी कुणी जीव घेईल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. दोघांनाही पुरावा दिसत असतो, अर्थ लागत नसतो.

इथे मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग आठवतो. १९६० साली लंडनमध्ये पीटर वेसन यांनी लोकांना तीन आकडे दिले: २, ४, ६. हे एका नियमाने बांधलेले आहेत, तुम्ही आणखी त्रिकुटं सुचवून तो नियम ओळखा, प्रत्येक वेळी मी हो किंवा नाही सांगेन, एवढाच खेळ. बहुतेकांच्या मनात लगेच ‘दोन-दोनने वाढणारे सम आकडे’ हा नियम बसला. मग त्यांनी ८, १०, १२ विचारलं, उत्तर हो. २०, २२, २४ विचारलं, उत्तर हो. खात्री पटली, नियम जाहीर केला आणि चुकले. खरा नियम फक्त चढत्या क्रमाचा होता. १, ७, ४० विचारलं असतं तरी उत्तर होच आलं असतं. पण आपला तर्क खोटा पाडू शकेल असा प्रश्न विचारायचं फार थोड्यांना सुचलं.

गावातलं खूनसत्र म्हणजे याच प्रयोगाची जीवघेणी आवृत्ती. पहिल्या दिवशी कट्ट्यावर एक नाव निघतं. दुसऱ्या दिवसापासून घडेल ती गोष्ट त्या नावाला चिकटत जाते. तो रात्री उशिरा घरी आला, म्हणजे तोच. तो घराबाहेर पडलाच नाही, म्हणजे नक्की तोच.

एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७३ साली दाखवलेली दुसरी खोड यात भर घालते. जी गोष्ट चटकन आठवते ती वारंवार घडते असं माणसाला वाटतं. दोन गावांवर बिबट्याने माणूस मारला की सांजवेळी तुरीत हललेलं कुत्रंही बिबट्या दिसू लागतं. एका रात्रीत पाच गावांतून फोन येतात आणि ज्या गावात तो खरोखर असतो तिथला फोन त्या गर्दीत हरवतो.

खरा मारेकरी आणि नुसता दिसलेला बिबट्या यांतला फरक असा हरवणं महागात पडू शकतं. बिबट्यांच्या बाबतीत महाराष्ट्रानेच ते मोजून पाहिलं आहे. जुन्नर भागात दिसेल तो बिबट्या पकडून दूरच्या जंगलात सोडायची मोहीम चालली होती. दिसला म्हणजे गुन्हेगार, हा त्यामागचा हिशेब. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निघालं की ही मोहीम सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. ओळखीच्या मुलखातून उचलून अनोळखी जागी टाकलेलं जनावर अधिक धोक्याचं ठरत होतं. याच अत्रेय यांनी पुढे अकोल्याच्या, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या, ऊसपट्ट्यात कॅमेरे लावून दाखवलं की तिथे १०० चौरस किलोमीटरमध्ये पाचाच्या आसपास मोठे बिबटे माणसांच्या वस्तीलगत गुमान राहतात. बिबट्याची ओळख पटते ती अंगावरच्या ठिपक्यांवरून. ते माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे निराळे असतात. म्हणजे ‘एक बिबट्या दिसला’ आणि ‘तोच बिबट्या दिसला’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

जिथे मारेकरी माणूस असल्याचा संशय असतो तिथे हा फरक विसरण्याची किंमत आणखी मोठी. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे होते. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी त्या दिवसांत राज्यभर मुलं पळवणाऱ्यांची भीती पसरवलेली होती. राईनपाड्यात एकही मूल पळवलेलं नव्हतं. गुन्हाच नव्हता, पण गुन्हेगार गावाला माहीत होता.

अशा वेळी वार्ताहराचं काम काय?

मोठ्या शहरात गुन्हेवार्ता करणारा बातमीदार रोज पोलीस आयुक्तालयात जातो, प्रेस नोट घेतो, दोन अधिकाऱ्यांना फोन करतो. ज्याचा खून झाला त्याच्या घरचं कुणी त्याला पुन्हा भेटण्याची शक्यता जवळपास नसते. तालुक्याच्या वार्ताहराचं तसं नाही. बहुतेकांचं पोट बातमीवर चालत नाही. कुणाचं झेरॉक्सचं दुकान असतं, कुणाची शेती, कुणी शिकवण्या घेतं. पेपरचं मानधन तुटपुंजं, उरलेलं जाहिरातीच्या कमिशनवर. पूर्वी बातमीचं पाकीट संध्याकाळच्या एसटीने जिल्ह्याला जायचं, आता व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. बदललेलं नाही ते हे की बातमी छापून आल्यावर सकाळी चहाच्या टपरीवर ती ज्याच्याविषयी आहे तोच शेजारच्या बाकावर बसलेला असतो.

या जवळिकीचं टोक किती वाईट असू शकतं ते कोकणातल्या राजापूरने दाखवलं. शशिकांत वारिशे हे तिथले स्थानिक पत्रकार, तिथल्या नियोजित रिफायनरीच्या विषयावर सातत्याने लिहिणारे. ६ फेब्रुवारी २०२३च्या अंकात त्यांची एक बातमी छापून आली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याविषयी होती त्यालाच या प्रकरणात अटक झाली. पत्रकारांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली वेगळा कायदा केला आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण गाडी अंगावर येते तेव्हा कायद्याचं पुस्तक आडवं येत नाही.

बाईमाणूस बातमीदार असेल तर गावातली गणितं आणखी बदलतात, आणि सगळीच तिच्या विरोधात जात नाहीत. उत्तर प्रदेशच्या बुंदेलखंडात २००२ साली सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’च्या बातमीदार ग्रामीण बाया आहेत, त्यांत बऱ्याच दलित. त्या ज्या जिल्ह्यात राहतात त्याच जिल्ह्याच्या बातम्या करतात. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. अत्याचाराची तक्रार पोलिसांनी घेतली नाही असं सांगणाऱ्या घरात त्यांच्यातल्या मीरा देवी जाऊन बसतात, तेव्हा समोरची बाई बोलते. पुरुष वार्ताहर आला असता तर तो ओसरीपर्यंतच पोहोचला असता. चुलीपाशी कुणी काय ऐकलं, मुलगी शेवटची कुणाबरोबर दिसली, कुठल्या घरात कशासाठी पूजा मांडली होती, हे आतल्या घरातच कळतं. मानवतसारख्या प्रकरणात, जिथे बळी बाया आणि मुली, तिथे असा कान किती उपयोगी पडला असता याची कल्पना करता येते.

मात्र चुलीपाशी कळलेलं सगळंच छापायचं नसतं. लैंगिक अत्याचाराचा बळी असलेल्या बाईचं नाव किंवा तिची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ शाळेचं, घराचं, नातेवाइकांचंही नाव देऊ देत नाही. शहरात ‘एका उपनगरातली मुलगी’ म्हटलं की ओळख झाकली जाते. दोनशे उंबऱ्यांच्या गावाचं नाव दिलं की पुढचं सांगावं लागत नाही. खेड्यातल्या बातमीदाराला म्हणून कायद्याच्या शब्दापेक्षा दोन पावलं मागे थांबावं लागतं.

पोलिसांकडून मिळणारी माहितीही पारखून घ्यावी लागते. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य पेपरात रोज दिसतं. न्यायालयात त्याची किंमत जवळजवळ शून्य असते, कारण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या पुराव्याच्या कायद्यात चालत नाही. त्या जबाबातून एखादी वस्तू, हत्यार किंवा प्रेत सापडलं तर तेवढाच भाग ग्राह्य. पहिल्या पानावर खुनी ठरलेला माणूस पुढे निर्दोष सुटतो आणि लोक न्यायालयाला नावं ठेवतात, त्याचं एक कारण या वाक्यात आहे.

मानवतचा खटलाही अशाच एका जागेवर अडला. सरकारचा भर माफीच्या साक्षीदारांवर होता, म्हणजे जे स्वतः त्या कृत्यांत होते आणि माफीच्या बदल्यात बोलले. १९ एप्रिल १९७७ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तो न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष कायद्याने बाद नाही, पण शहाणपण असं सांगतं की महत्त्वाच्या बाबींत तिला स्वतंत्र दुजोरा हवा, आणि तो दुजोरा प्रत्येक आरोपीला वेगवेगळा गुन्ह्याशी जोडणारा हवा. या चाळणीतून काहींच्या शिक्षा टिकल्या, काही संशयाचा फायदा मिळून सुटले. गावाला जे ‘माहीत होतं’ आणि न्यायालयात जे सिद्ध झालं, त्यांच्यातलं अंतर तसंच राहिलं.

त्या अंतरात मग लेखक उतरले. विजय तेंडुलकर हे नाटककार होण्याआधीपासून वर्तमानपत्रात काम केलेले, सत्तरच्या दशकात नेहरू शिष्यवृत्ती घेऊन हिंसेचा अभ्यास करत देशभर हिंडलेले. मानवतच्या घटनांवरून त्यांनी ‘आक्रीत’ लिहिला. अमोल पालेकरांनी १९८१ साली तो दिग्दर्शित केला, तो त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. रमाकांत कुलकर्णींनी निवृत्तीनंतर आपल्या तपासाच्या आठवणी पुस्तकात मांडल्या आणि त्यांच्या आधारावर २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका आली, कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. मानवतमध्येच जन्मलेला, तिथेच राहून हा विषय पोटात घेऊन वावरलेला माणूस मात्र या मालिकेचा नायक नाही. तिच्यात गावाकडे बघणारी नजर तपासासाठी बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याची आहे.

मानवतच्या खुनांनंतर जवळपास चाळीस वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते अठरा वर्षांहून अधिक काळ झगडत होते त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा मंजूर केला. गुप्तधनासाठी कुणाला इजा करणं, तशी चिथावणी देणं, हे आता खून होण्याआधीच गुन्ह्यात मोडतं. म्हणजे वाड्यातल्या पिंपळाखाली पूजा मांडली जात असल्याची कुजबूज कानावर आली, तर ती पोलीस ठाण्यात सांगण्याजोगी गोष्ट झाली आहे. १९७२च्या मानवतमध्ये ती फक्त कुजबूज होती.

करमाळ्याच्या बिबट्याच्या बाबतीत गाव चुकलं नाही, मारेकरी खरोखर बिबट्याच निघाला. पण प्रत्येक वेळी मारेकऱ्याच्या पायाचे ठसे चिखलात उमटलेले नसतात. कुठल्याही तालुक्यात उद्या असं काही घडलं आणि मोबाइलवर नाव, फोटो, चित्रफीत येऊन पडली, तर ती पुढे ढकलण्याआधी वार्ताहर स्वतःला विचारतो ते तीन प्रश्न वाचकानेही विचारावेत: हे प्रत्यक्ष पाहिलं कुणी? कधी आणि कुठे? आणि पंचनाम्यात, फिर्यादीत किंवा शवविच्छेदनाच्या अहवालात त्यातलं काय आहे? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर हाती नसेल तर ते नाव आपल्या फोनमध्येच राहू द्यावं, आणि काही खरंच ठाऊक असेल तर ११२ वर फोन करून सांगावं.